कापसाच्या खोलीची कडी

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे. दिग्रसजवळच्या एका गावात, पुंडलिकरावांच्या घरामागच्या कापसाच्या खोलीला बाहेरून लावलेली. ज्या लोहाराने मला घडवलं तो म्हणाला होता, "हत्तीनं धक्का देल्ला तरी निघनार नाही." त्या कौतुकाने मी बरीच वर्षं फुगून होते.

माझं काम साधं. वेचणी झाली की खोलीत कापूस येतो आणि विकला जाईपर्यंत मी तो राखते. तो तुडवून दाबायचं काम श्रावणचं. श्रावण हा पुंडलिकरावांचा धाकटा भाऊ. वय चाळीस, ताकद बैलाची, समज पाच-सहा वर्षांच्या मुलाची. घरात त्याच्याशी कामापुरतंच बोलत. म्हणून तो माझ्याशी बोलायचा. तेलाचं बोट मला लावून विचारायचा, "जेवली काय वं?" सगळे हसायचे. खरं सांगते, मलाही त्याची थोडी लाजच वाटायची.

गेल्या हिवाळ्यात पुंडलिकरावांचा मुलगा अंकुर यवतमाळच्या कॉलेजातून सुटीवर आला होता. परत निघायच्या दिवशी त्याला गंमत सुचली. श्रावण कापसावर चढला तसं त्याने दार ओढलं, मला कोयंड्यात अडकवलं आणि मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागला. "काका, सारा तुडवून झाला का खोलतो," तो म्हणाला. तेवढ्यात एसटी आल्याची हाक आली. अंकुर बॅग घेऊन पळाला आणि मला विसरला.

घरच्यांना वाटलं, श्रावण नेहमीसारखा कुठेतरी भटकत असेल. त्याने आतून हाका मारल्या, पण कापूस आवाज गिळतो. त्या फक्त माझ्यापर्यंत पोचत होत्या. "खोल न वं. झालं माह्यं काम." मी तसूभरही हलले नाही. मला तसंच घडवलं होतं. मग हाका थांबल्या आणि दुसराच आवाज सुरू झाला. धप. धप. धप. तो दिवसभर चालला, दुसऱ्या दिवशीही चालला. 

तिसऱ्या दिवशी सकाळी रुपीबाई आली. गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी ही म्हातारी. तिची घागर रोज श्रावणच भरून द्यायचा. पुंडलिकरावांना म्हणाली, "भाऊ, श्रावण कोठी हाय? दोन दिस झाले, घागर कोरडी हाय माही."

"असन कुठंतरी. त्याले काय होते?"

ती मात्र कान देत उभी राहिली. पायांखालच्या जमिनीतून बारीक धप धप येत होती. मग घरामागे येऊन तिने मला काढलं.

श्रावण आत तुडवत होता. ओठांवर कापसाचे तंतू, डोळे उघडे, पाय आपोआप वर-खाली. खालचा कापूस जमिनीसारखा कडक झाला होता. रुपीबाईने हात धरला तरी पाय थांबेनात. मागून आलेल्या पुंडलिकरावांनी कापूस दाबून पाहिला. "दाबला मातर चांगला," ते म्हणाले. त्या वाक्याची मला आजही चीड येते.

त्यानंतर श्रावण गावभर फिरून दिसेल ती कडी काढू लागला. गोठ्याची, घराची, शाळेची. काढायचा, आत वाकून "कोनी हाय काय?" विचारायचा आणि पुढे जायचा. शेळ्या सुटल्या, लोक भांडायला आले. तो असं काहून करतो, हे एकानेही विचारलं नाही.

कापूस विकला गेल्यावर पुंडलिकरावांनी त्याला त्याच रिकाम्या खोलीत घातलं. माझ्यात कुलूप अडकवलं. "चार दिवस राहू द्या," ते घरात म्हणाले. त्याला आता दोन महिने झाले. दोन वेळा कुलूप निघतं, ताट आत जातं, कुलूप लागतं. बाकी दिवसभर उघड्या फरशीवर धप, धप चालू असतं. रुपीबाई उंबऱ्याशी बसून बोलत राहते. 

मित्रांनो, मला तेल लावा, माझी निगा राखा, असं मी म्हणणार नाही. मी गंजून तुटले तर बरंच होईल, पण त्याला फार वर्षं लागतील. तुम्ही याच गल्लीने शाळेत जाता. आवाज ऐकून पळत सुटता, भूत आहे म्हणता. भूत नाही, श्रावण आहे तो. उद्या पळू नका. सगळे मिळून पुंडलिकरावांच्या दारात उभे राहा आणि त्यांच्याकडे किल्ली मागा.