जबड्यातलं टोक

आठ वर्षं थोरला तियांग दरसाल एक खोटं गळा फाडून ओरडत आला होता, आणि ते खोटं आहे याबद्दल त्याच्या मनात तिळभर शंका नव्हती.

रीतच तशी होती. कानांचा सण आला, टांगलेल्या हरणाच्या कानांवर पोरांचे बाण मारून झाले, की गावातले शिकारी अंगणात गोल करून उकिडवे बसत. राळ्याच्या दारूचा पेला ज्याच्या हाती येईल त्याने आपली शिकार तुकड्या-तुकड्याने ओरडून सांगायची, आणि बाकीच्यांनी प्रत्येक तुकडा जसाच्या तसा परत ओरडायचा. शेवटी आपल्या आईचं कूळ सांगायचं, की पेला पुढच्याकडे. याला मालास्तापांग म्हणतात. इथे स्वतः केलेलंच सांगायचं, दुसऱ्याचं उणं काढायचं नाही. आणि ज्याच्या नावावर शिकार नाही, त्याने गोलात तोंडच उघडायचं नाही.

तालुमच्या हाती पेला आला की तो छाती काढून ओरडे, "मी रानडुक्कर मारलं! हुसुंगला फाडणारं! त्याला मी मारलं!" आणि सगळ्यांबरोबर म्हाताऱ्या तियांगलाही ओरडावं लागे, "हुसुंगला फाडणारं! त्याला मी मारलं!" हुसुंग म्हणजे त्याचा एकुलता एक पोरगा.

त्या दिवशी हुसुंग आणि तालुम दोघेच डोंगरात गेले होते. परत आला तो तालुम, पाठीवर प्रेत घेऊन. म्हणाला, "हुसुंग कड्यावरून घसरला, डुकराच्या पुढ्यात पडला. सुरा दगडावर आपटून मोडला. मी वरून बार टाकला, डुक्कर लोळवलं, पण उशीर झाला होता." गाव हळहळलं. म्हाताऱ्याने मात्र कुणाचं लक्ष नसताना तालुमच्या बंदुकीची नळी हुंगली होती. नळीला बार उडाल्याचा, जळलेल्या दारूचा वास नव्हता. पण वाटेत पाऊस झाला होता, आणि बाप वेडापिसा झालेला. नुसत्या नाकाच्या साक्षीवर कोण विश्वास ठेवणार?

पुढे तर कहरच झाला. दोन वर्षांनी हुसुंगच्या बायकोने, पुनीने, तालुमशी लग्न केलं. शिकारीची खूण म्हणून डुकराचा जबडा तालुमच्या ओसरीत टांगलेला, त्याच ओसरीत हुसुंगचा पोरगा वाढू लागला. पोराचं नाव आजाचंच, तियांग. पहिल्या मुलाला आजाचं नाव, हा आमचा नेम. धाकट्या तियांगला तालुम खांद्यावर घेऊन हिंडे, त्याला धनुष्य करून देई, तापात रात्रभर पाठीवर बांधून बसे. हे सारं म्हाताऱ्याच्या कानावर येई. चोराने चोरलेली गाय नीट पाळली म्हणून काय त्याला साव म्हणायचं?

पोरगा दहा वर्षांचा झाला, तसा म्हातारा तालुमच्या दारात जाऊन उभा राहिला. आत नाही गेला. त्या ओसरीत त्याने कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

"पुनी, पोराला पहिल्या शिकारीला मी नेणार. तो आमच्या कुळाचा आहे."

"न्या की मामंजी," पुनी म्हणाली. "तुमचाच हक्क आहे. पण सणानंतर न्या. अजून लहान आहे."

"सणाआधी नेणार. यंदा तो गोलात बसेल."

तालुम आतून बाहेर आला. हातात बंदुकीच्या दारूची पुडी होती. "म्हातारबा, ही माझी दारू घ्या. कोरडी आहे. तुमची जुनी झाली असेल."

"माझी बंदूक माझीच दारू खाते," म्हातारा म्हणाला आणि थुंकला.

पहाटे निघाले. गावाच्या वेशीवर पोरगा शिंकला. चांगली सणसणीत शिंक.

पोरगा जागच्या जागी थांबला. "आजा, मी शिंकलो."

निघताना शिंक आली की माघारी फिरायचं, त्या दिवशी बंदुकीला हात लावायचा नाही. आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. म्हाताऱ्याने उभ्या हयातीत एकदाही ही शिस्त मोडली नव्हती. पण सण तोंडावर आला होता, आणि त्याला घाई झाली होती.

"मला नाही ऐकू आलं," तो म्हणाला.

"अरे, पण मी..."

"बहिऱ्याला शिंक लागत नाही. चल."

पोरगा गुपचूप मागे चालू लागला.

डोंगरात मात्र म्हातारा वेगळाच माणूस झाला. एरवी चिडका, पण इथे मऊ. वाऱ्याकडे तोंड कसं करायचं, भेकराची विष्ठा ओली की सुकी कशी ओळखायची, पाऊल आधी टाचेवर टाकायचं की चवड्यावर, सगळं न कंटाळता सांगत होता. हुसुंगला सांगितलं होतं ते जसंच्या तसं. मधेच तो पोराच्या मानेकडे बघे. मान अगदी बापाची होती.

दुपार कलताना पाणवठ्याजवळ भेकर आलं. म्हाताऱ्याने ठासून ठेवलेली बंदूक दगडावर टेकवून पोराच्या खांद्याला लावली.

"कानामागे. श्वास सोड आणि मग..."

बार उडाला. पोरगा मागे कोलमडला, भेकर पुढे.

"मेलं?" पोरगा उठता उठता ओरडला.

"बघ जाऊन. तुझं आहे."

म्हाताऱ्याने कमरेची म्यान सोडून त्याच्या हातात दिली. "हा तुझ्या बापाचा सुरा. त्याचं टोक मोडलंय, पण धार आहे. याने सोल."

पोराने सुरा बाहेर काढला, उलटा-सुलटा केला. मोडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. आणि अगदी सहज, नाक पुसता पुसता म्हणाला, "याचं टोक आमच्या घरी आहे."

म्हातारा सावकाश खाली बसला. "कुठे?"

"ओसरीतल्या मोठ्या जबड्यात. सुळ्याच्या मुळाशी लोखंडाचा तुकडा रुतलाय. अस्साच तिरका. मी बोट लावतो कधी कधी. एकदा बाबाला विचारलं तर म्हणाला, दात किडलाय. आणि पहिल्यांदा मारलं मला. पुन्हा हात लावू नकोस म्हणाला."

दुसऱ्याच्या घरच्या हाडांना हात लावला तर त्या घरची शिकार आटते, म्हणून कुणी कधी जवळ जाऊन पाहिलं नव्हतं. त्या घरचं पोरच तेवढं त्या जबड्याशी खेळू शकत होतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढे सगळं स्वच्छ उभं राहिलं. हुसुंगने डुकराच्या तोंडात सुरा खुपसला होता. हुसुंगनेच मारलं होतं. आणि तालुमने मेलेल्याची शिकार उचलून आपल्या ओसरीत टांगली होती.

तो हसला. आठ वर्षांत पहिल्यांदा पोट भरून हसला.

रात्री शेकोटीपाशी त्याने पोराला गोलात काय म्हणायचं ते शिकवलं. "कुणावर आळ घ्यायचा नाही. फक्त तू केलेलं आणि तुला ठाऊक असलेलं. मी भेकर मारलं. बापाच्या सुऱ्याने सोललं. सुऱ्याला टोक नाही. टोक कुठे आहे मला ठाऊक. आमच्या ओसरीतल्या जबड्यात. बस्स. मग आईचं कूळ."

पोराने एकदा म्हणून पाहिलं. मग थांबला. त्याच्या डोक्यात काहीतरी जुळलं असावं, कारण त्याचा आवाज बारीक झाला. "म्हणजे ते डुक्कर बाबाने नाही मारलं?"

"तू फक्त खरं बोल."

"मग बाबाचं काय होईल?"

"कोण बाबा?" म्हातारा कडाडला. "तुझा बाप मातीत आहे! त्याच्या मरणावर तो दुसरा दारू पितो दरसाल, आणि मला त्याच्यामागे ओरडायला लावतो. या वेळी तो ओरडेल. माझ्या पोराचं खरं त्याच्या घशातून काढीन मी."

पोराने सुरा म्यानात सरकवला आणि शेकोटीकडे पाठ करून आडवा झाला. 

सणाच्या दिवशी अंगण भरलं होतं. गोलात धाकटा तियांग आजाशेजारी बसला होता, कमरेला बापाचा सुरा. पोराच्या पलीकडे तालुम. पोराची पहिली शिकार म्हणून तालुमचं तोंड आनंदाने फुललेलं होतं. घरोघर भेकराचे वाटे त्यानेच पोचवले होते. म्हातारा ते बघत होता आणि मनात म्हणत होता, हस बाबा, हसून घे.

पेला पोराच्या हाती आला. तो उठून उभा राहिला.

"मी भेकर मारलं!"

"मी भेकर मारलं!" गोल गरजला. तालुमचा आवाज सगळ्यांत मोठा.

"बापाच्या सुऱ्याने सोललं!"

"बापाच्या सुऱ्याने सोललं!"

"सुऱ्याला टोक नाही!"

"सुऱ्याला टोक नाही!" तालुमचा आवाज आता खाली आला होता.

"टोक कुठे आहे मला ठाऊक!"

गोल ओरडला. म्हातारा इतरांचं ऐकतच नव्हता. त्याचे डोळे एकाच तोंडावर खिळले होते. ते तोंड हललं. हलावंच लागलं.

"आमच्या ओसरीत! डुकराच्या जबड्यात!"

"आमच्या ओसरीत! डुकराच्या जबड्यात!" शब्द तोंडातून गेल्यावर एकेकाला उमगले. माना तालुमकडे वळल्या. मागे उभ्या बायकांतून पुनीचा दबलेला आवाज आला. म्हाताऱ्याच्या अंगावर सुखाचा काटा आला. खोटं कशाला सांगू, तो सुखातच होता. आता आईचं कूळ, की संपलं.

पण पोराने कूळ सांगितलं नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो त्याहून मोठ्याने ओरडला, "ज्याने तो टांगला!"

"ज्याने तो टांगला!"

"त्याला मी बाबा म्हणतो!"

गोलात सगळे एकमेकांकडे बघू लागले. पण रीत ती रीत. एकाने सुरुवात केली, मग सगळ्यांनी. "त्याला मी बाबा म्हणतो!" म्हाताऱ्याचे ओठ मिटले होते. शेजारच्याने त्याच्याकडे पाहिलं, मग पलीकडच्यानेही. मागे परत न ओरडणारा शिकारी गोलात बसत नाही. म्हाताऱ्याने तोंड उघडलं आणि भरल्या अंगणात, तालुमकडे बघत, ते शब्द उच्चारले.

"आईचं कूळ इस्तांदा!" पोराने सांगितलं आणि पेला पुढे दिला. पुढचा तालुम होता.

तालुमने पेला घेतला नाही. तो उठला आणि घराकडे गेला. जबडा घेऊन परत आला आणि म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवला.

"हुसुंगने मारलं," तो म्हणाला. ओरडून नाही, साध्या आवाजात. "मी झाडावर होतो. त्याने दोनदा हाक मारली. मी उतरलो नाही."

म्हाताऱ्याने या वाक्यासाठी आठ वर्षं दात आवळून काढली होती. आता ते आलं, आणि तो मांडीवरचा जबडा नुसता चाचपत राहिला.

दुसऱ्याची शिकार आपली म्हणणाऱ्याला गावात गोल नाही, आणि गोल नाही त्याला गाव नाही. दिवस मावळायच्या आत तालुमने बिऱ्हाड बांधून पाठीवर घेतलं. डोंगरापलीकडच्या गावात त्याची बहीण होती. सगळ्यांना वाटलं, पुनी राहील. पुनी बराच वेळ चुलीपाशी बसली, नवऱ्याकडे न बघता. मग उठली आणि भांडी टोपलीत भरू लागली. धाकट्या मुलीला तिने कडेवर घेतलं. ती तालुमची.

म्हातारा वेशीवर जाऊन उभा राहिला होता. "पोरा, तू आमच्या कुळाचा. तू इथे राहा."

धाकट्या तियांगने कमरेचा सुरा सोडला आणि आजाच्या हातात दिला. रागाने नाही. रडून रडून त्याचं तोंड सुजलं होतं.

"आजा, मी शिंकलो होतो," तो म्हणाला. "तुला ऐकू आलं होतं."

मग तो पळत गेला आणि तालुमच्या पाठीवरच्या ओझ्याला मागून हात लावून ढकलू लागला, चढावर बापाला पोरं हात लावतात तसं.

म्हातारा घरी आला. सांडशीने सुळ्याच्या मुळाशी रुतलेला तुकडा त्याने हलवून हलवून बाहेर काढला आणि सुऱ्याच्या मोडक्या पात्याला लावून पाहिला. बरोबर बसला. हे दाखवायला तो कुणाला तरी हाक मारणार होता, पण घरात कुणी नव्हतं.