सातव्या बाटलीची पूजा

सुभानरावांना एकदा नाही, शंभरदा हात जोडून सांगितलं होतं, भरलेली बाटली उघडायची नाही. पण पालथ्या घड्यावर पाणी!

छाणीतली आमची प्रयोगशाळा म्हणजे भाड्याच्या तीन खोल्या. बाटल्यांत केळीची रोपं वाढवायची आणि करजणच्या शेतकऱ्यांना पुरवायची. सत्त्याण्णव साली या धंद्याला बरे दिवस होते. सुभानराव बाटल्या धूत. आजोबा संस्थानच्या फौजेत, म्हणून मिशा कडक आणि शिस्तही कडक. मात्र शिस्त सगळी त्यांची, माझी एकही नाही.

निजामपुऱ्यात त्यांच्या अंगणात चिमणाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, लावलेली केळ होती. बाई गेल्या आणि वर्षभरात केळीला पर्णगुच्छ झाला. रोग पसरू नये म्हणून मीच सगळं बेट खणून जाळायला लावलं. त्याआधी सात मुनव्यांच्या, म्हणजे बुंध्यालगत फुटलेल्या पिल्लांच्या, पोटातून मोहरीएवढे सात कोंब कापून घेतले. कोंबाच्या टोकाच्या पेशींचं पान व्हायचं की मूळ, हे अजून ठरलेलं नसतं. त्यांच्यातून अख्खं झाड उभं राहतं आणि रोग बहुतेक वेळा तिथवर पोचलेला नसतो.

सातपैकी सहा बाटल्या नासल्या. सातवीत हिरवा ठिपका दिसला. सुभानराव रोज काचेला नाक लावून बघत.

"ताई, पान निघालं ने?"

"निघेल हो! कामं करा."

खंडेनवमीला त्यांनी सुऱ्या, चिमटे, कुकर, सगळं पूजेला मांडलं. दरवर्षी मी नको म्हणते. त्या दिवशी करजणची ऑर्डर डोक्यावर होती. ते दारातून काहीतरी विचारत होते. मी वर न बघताच म्हटलं, "करा हो, काय करायचं ते करा!"

तिसऱ्या दिवशी सातव्या बाटलीत काळी बुरशी, आणि बुरशीखाली कुंकू.

मी इतकी ओरडले की शेजारच्या वर्कशॉपमधली ठोकाठोक थांबली. "अहो, बाहेरून लावायचं! झाकणाला लावायचं!"

"सुऱ्या-चिमट्यांना बाहेरूनच लावलं, ताई. पण ती आत होती ने. सवाष्ण गेली ती. काचेला कुंकू लावून कसं चालेल? बाटली उघडू का, म्हणून तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, करा."

दुसरा मुनवा आणा, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण बेट तर मीच जाळायला लावलेलं, आता मुनवा आणणार कुठून?

सुभानरावांनी बाटली उचलली, न उघडता कुकरमध्ये ठेवली आणि झाकण घट्ट लावलं. नासलेली बाटली आधी उकळायची, मग धुवायची, हा माझाच नियम. मेला आजच बरा आठवला त्यांना!

"किती वेळ ठेवू, ताई?"

पाच वर्षं ते रोज हेच काम करत होते. तरी त्यांनी विचारलं.