उपटलेलं कुंपण

ऑक्टोबरात लुआंग्वा नदी आटली की पाणघोडे आणि मगरी उरलेल्या डोहांत दाटीवाटीने राहतात. आमच्या सफारी कॅम्पसमोरचा डोह त्यातलाच. सहा तंबू, गवताने शाकारलेलं जेवणघर, आणि मी तिथला वाढपी. झेलेसी पाहुण्यांच्या चादरी धुवायची. माझ्या बायकोची ती मावसबहीण. तिचा नवरा फनिझानी गावात चटया विणायचा.

त्या आठवड्यात हत्तींनी पंपाचा पाइप उखडून टाकला. मॅनेजर डेरिक म्हणाला, "दोन दिवस नदीवर धुवा." पूर्वी काठाशी पाण्यात खांब रोवून कुंपण केलेलं होतं, त्याच्या आत बायका निर्धास्तपणे बादल्या बुडवायच्या. पण फोटोत ते मध्येच येतं म्हणून डेरिकनेच जूनमध्ये उपटायला लावलं होतं.

सकाळी झेलेसी चादरींचं गाठोडं घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आली.

"दाजी, साहेबाला विचारा ना, गार्ड पाहुण्यांना फिरवून आणल्यावर धुतलं तर चालेल का? बंदूक घेऊन तो जवळ उभा राहील."

"तुझ्या अंगात आहे काय, नुसती हाडं! मगर तोंडात घेऊन थुंकून देईल."

"तुमचं पोट बघितलं तर वर्षाची बेगमी करेल." ती हसली, पण हलली नाही. "विचाराल ना?"

"विचारतो."

मी विचारलं नाही. डेरिक सकाळपासून सगळ्यांवर खेकसत होता, मला त्याच्या तोंडाला लागायचं नव्हतं. मागच्या दारी जरा थांबून मी परत आलो आणि म्हणालो, "नाही म्हणतोय. आत्ताच धू."

तिने गाठोडं डोक्यावर घेतलं आणि उतारावरून खाली गेली.

गुडघा दुखतो म्हणून फिरायला न गेलेलं एक म्हातारं जोडपं नाश्ता करत होतं. मी चहा ओतत असताना खालून किंकाळी आली. एकच. वरून मला दिसलं ते इतकंच, की पाणी ढवळलंय आणि बादली काठावर आडवी पडलीय.

डेरिक माझ्या कानाशी आला. "हरीण होतं. कळलं? वाढत राहा." मग तो खाली धावला.

बाईंनी विचारलं, "काय झालं?"

"मगरीनं हरीण धरलं, मॅडम."

"अरेरे, आपलं बघायचं राहिलं!" त्यांनी दुर्बीण लावली. "ते पांढरं काय वाहतंय?"

"चादर असेल. वाऱ्यानं उडाली."

"बिचारं हरीण," असं म्हणून त्यांनी अंडं अजून थोडं शिजवून मागितलं. मी ते शिजवून आणून दिलं.

दुपारपर्यंत होडीतून शोधलं. तिच्या कमरेचं कापड मिळालं, बाकी काही नाही.

फनिझानी आला तेव्हा त्याच्या हातांना अजून गवताची कुसळं चिकटलेली होती. डेरिक म्हणाला, "नदीत उतरायला मी सगळ्यांना मनाई केली होती. विचार याला."

फनिझानीने माझ्याकडे पाहिलं. "खरंय, भाऊ?"

"हो," मी म्हणालो.

"मनाई असताना गेली? ती? घरी पाणी आणायला मला पुढं घालणारी?"

तो रडला नाही, भांडलाही नाही. कापडाची घडी करून काखेत घेतली आणि गेला. नियम मोडला म्हणून त्याला कॅम्पकडून काहीच मिळालं नाही, मक्याच्या पिठाची एक गोणसुद्धा नाही.

पण शेजारच्या तंबूंची झाडलोट करणाऱ्या बाईने आमचं दारातलं बोलणं ऐकलं होतं. मी डेरिककडे गेलोच नव्हतो, हेही तिने पाहिलं होतं. तिने ते माझ्या बायकोला सांगितलं.

त्या संध्याकाळी बायकोने मक्याच्या पिठाच्या न्शिमाचं ताट माझ्यापुढे आपटलं. हात धुवायला पाणी दिलं नाही. मी मागितलं.

"नदीवर जा," ती म्हणाली, आणि मुलांना घेऊन फनिझानीकडे बसायला निघून गेली.