दारामागची वसई

मित्रांनो, आमच्याकडे येणारा पाहुणा आधी मला ढकलून आत शिरतो, पिशव्या टाकतो आणि मला लोटून घ्यायला वळतो. तेव्हा त्याच्या तोंडून हमखास निघते, "अरे वा!" ते 'अरे वा' माझ्यासाठी असते बरे का! मी वसईजवळच्या गिरीज गावातल्या एका वाडीतल्या पाहुण्यांच्या खोलीचे जुने दार आहे. पुढून अगदी साधे, तपकिरी. पाठीवर मात्र अख्खी वसई.

माझे लाकूड याच वाडीतल्या फणसाचे. गॅब्रिएल सुतारांनी मला घडवले आणि हात फिरवून म्हणाले, "हे माझ्या नातवंडांच्या लग्नापर्यंत टिकेल." खोली काही भाड्यासाठी बांधलेली नव्हती. आमच्या गावदेवळात चैत्रात सात दिवस कीर्तन असते. त्यासाठी येणारे बुवा परान्न घेत नसत. स्वतःच्या हाताने शिजवावे, नैवेद्य दाखवावा आणि मगच जेवावे, असा त्यांचा नेम. म्हणून आमचे मालक जयवंतभाऊ यांनी खोलीत ओटा केला. वातीचा स्टोव्ह, पातेली, पोळपाट असे सगळे मांडून ठेवले. सकाळी अंघोळ झाली की बुवा माझ्यासमोर बसून चिपळ्यांवर संध्याकाळचे आख्यान घोळवायचे. रामाला वनवासात पोहोचवताना त्यांच्या चिपळ्या थांबायच्या, आणि माझ्या बिजागऱ्यांचे तेल सुकले असले तरी मी त्या वेळी करकरत नसे.

पुढे नव्वद सालानंतर जवळच्या गोखिवऱ्याला इमारती झाल्या. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये लग्नाचे पाहुणे मावेनात. तेव्हा वसुंधरावहिनी म्हणाल्या, "वर्षातले सात दिवस बुवा आणि बाकीचे दिवस उंदीर! त्यापेक्षा खोली पाहुण्यांना देऊ या की."

पाहुणे येऊ लागले. ओट्यावर आपापले शिजवू लागले. पण प्रत्येकाचे प्रश्न तेच. ताजी मासळी कुठे मिळते? समुद्र किती लांब? किल्ल्यात चपला घालून चालते का? सांगून सांगून भाऊंचा घसा बसला. एका रविवारी त्यांनी ऑइलपेंटचे डबे आणले, मला बिजागऱ्यांवरून उतरवून दोन स्टुलांवर आडवे ठेवले आणि माझ्या पाठीवर वसई काढायला बसले.

काय काय नाही माझ्या अंगावर! खाली किल्ला, त्याचे बुरूज आणि मोडक्या चर्चच्या कमानी. डावीकडे निळाशार समुद्र आणि सुरूची झाडे. वरच्या फळीवर निर्मळचे तळे आणि देऊळ, उजव्या कडेला गोखिवऱ्याच्या पलीकडचा तुंगारेश्वराचा डोंगर. मधोमध बाजार. तिथे भाजी, मासळी, पाव, वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी, स्टोव्ह दुरुस्ती, सगळ्यांच्या जागा. आणि आमच्या फाटकापासून चारच मिनिटांवर, फणसाखाली, लाल कौलांचे एक घर. त्याखाली लिहिलेले, 'लुसीबाईंची खानावळ. तांदळाची भाकरी, आमटी, सणाला फुगे.' फुगे म्हणजे आमच्याकडचे तळलेले गोल पाव, बरे का!

माझ्या भरवशावर निघालेला एकही माणूस चुकला नाही. एक आजोबा तर घरी जाताना मला नमस्कार करून गेले!

पण मित्रांनो, एक गोष्ट मला सांगायलाच हवी. एका उन्हाळ्यात आमच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले. खानावळीत जेवायला गेलेल्या आमच्या पाहुण्यांना लुसीबाई सहज बोलून गेल्या, "त्या पाण्यात डाळ शिजायची नाही हो. पाणी इथून भरून न्या." ते खरेच होते. पण पाहुणे दुसऱ्याच दिवशी सामान बांधून गेले. भाऊंच्या मनाला ते फार लागले. "माझ्या घराची बदनामी करते काय!" असे म्हणत त्यांनी ब्रश तपकिरी रंगात बुडवला आणि लाल कौलांचे घर पुसून टाकले.

त्या दिवसापासून माझ्या पाठीवर चार बोटांचा एक डाग होता. पाहुण्यांना वाटे, तिथे ओल आली असेल. मी मात्र जाणून होते की आता मी पुरते खरे बोलत नाही.

सत्त्याण्णवच्या चैत्रात साताऱ्याकडचे शत्रुघ्नबुवा पहिल्यांदाच आले. वय साठीच्या पुढे, रात्रभराचा प्रवास, पोटात काही नाही. ऐन दुपार. घरची सगळी माणसे देवळात मांडव घालायला गेलेली. बुवांनी तांदूळ धुतले, पण स्टोव्ह काही पेटेना. वाती जळून आत गेल्या होत्या. बुवा माझ्यापुढे उभे राहिले आणि त्यांनी बोट फिरवत फिरवत वाट पाहिली. माझ्या सांगण्याप्रमाणे बाजारापर्यंत वाटेत काहीच नव्हते. त्यांनी पागोटे नीट केले, स्टोव्ह काखेत मारला आणि ते उन्हात निघाले. मला ओरडून सांगावेसे वाटले. पण दाराला कसला आवाज!

दीड-दोन तासांनी बुवा परतले, ते लुसीबाईंच्या आधाराने. स्टोव्ह लुसीबाईंच्या हातात होता. वहिनी नुकत्याच घरी आल्या होत्या.

"वहिनी, हे तुमचे बुवा घ्या आणि हा स्टोव्हपण घ्या. वाती बदला बाई याच्या! चक्कर येऊन माझ्या फाटकात बसले होते."

"अगं बाई! शहाळं तरी दिलंस का? ते कुणाच्या हातचं जेवत नाहीत गं."

"दिलं की. मग म्हटलं, बुवा, हे कोरं मडकं, हे तांदूळ, ही डाळ, ही चूल. शिजवा तुम्हीच. मी आपली लाकडं पुढे सारते. शिजवली हो त्यांनी खिचडी! आणि पहिलं ताट कुणाला वाढलं, ठाऊक आहे? मला! बावीस वर्षं मी गावाला वाढते, मला पान वाढणारा माणूस आज भेटला." हे सांगताना त्यांनी पदराने डोळे पुसले.

तेवढ्यात जयवंतभाऊ आले. बुवा माझ्याकडे पाहत शांतपणे म्हणाले, "जयवंतराव, दार फार सुंदर रंगवलंय तुम्ही. यावर ही माउली तेवढी दिसली नाही."

भाऊंची मान खाली गेली. लुसीबाई स्टोव्ह ओट्यावर ठेवून निघून गेल्या.

संध्याकाळी देवळावरच्या कर्ण्यातून कीर्तन माझ्यापर्यंत आले. उत्तररंगात बुवांनी ना राजाची गोष्ट सांगितली, ना ऋषीची. "मंडळी, आज मला एका चुलीपाशी अन्नपूर्णा भेटली. तिचं घर मला कुणी सांगितलं नव्हतं. देव पावला, म्हणून मी बरोबर तिच्याच फाटकात पडलो. पण प्रत्येक वाटसरू योग्य ठिकाणीच पडेल, असं नाही ना हो! त्याला वाट आपणच सांगायला हवी." मग चिपळ्या वाजल्या आणि भजनाचा असा गजर झाला, की माझी कडी थरथरली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊंनी मला पुन्हा स्टुलांवर निजवले. कानशीने डाग खरवडला, लाल रंग लावला. वहिनींनी मुद्दाम बोलावून आणलेल्या लुसीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"मोठं काढ रे दादा. मागच्या वेळी माझं घर किल्ल्याच्या पायरीएवढं काढलं होतंस."

"आता किल्ल्याएवढं काढतो, मग तर झालं?" भाऊ म्हणाले. "आणि लुसी, माझं चुकलं गं."

"चुकलं ते चुकलं. कौलं सरळ काढ."

घर झाले, अक्षरे झाली. पण भाऊ उठले नाहीत. त्यांनी पांढऱ्या रंगात बारीक ब्रश बुडवला आणि आमच्याच अंगणातल्या विहिरीशेजारी सावकाश लिहिले, 'चैत्र-वैशाखात पाणी मचूळ असते. पिण्याचे पाणी लुसीबाईंकडून आणावे.'

मित्रांनो, माझ्या अंगावर किल्ला आहे, समुद्र आहे, तळे आहे. पण मला सगळ्यात जास्त अभिमान कशाचा आहे, सांगू? त्या एका ओळीचा. आपल्या घरातले उणे आपल्याच हाताने लिहिणारा मालक मला लाभला.

आता दोन हजार साल मागे पडले आहे. माझ्या समुद्राचे पोपडे उडाले आहेत आणि तुंगारेश्वराला ओरखडे पडले आहेत. मला काढून नवे गुळगुळीत दार बसवावे, असे कुणीतरी सुचवलेही. पण दर दिवाळीला भाऊ चष्मा लावून येतात आणि उडालेली जागा पुन्हा रंगवतात. मित्रांनो, तुमच्या घरीही जुन्या वस्तू असतील. त्यांच्यावरची धूळ पुसा, उडालेला रंग भरा. आणि कुणी वाटसरू तुमच्या दारात उभा राहिला, तर त्याला सगळी वाट सांगा. जिच्याशी तुमचा अबोला आहे, ती चूलसुद्धा त्याला दाखवा.