टेलरबाईंची माती

टेलरबाई हातात कात्री असताना कुणाचं ऐकत नसत, आणि हातात खुरपं असताना तर विचारूच नका. खाली दुकान, वर दोन खोल्या आणि त्यावर गच्ची, एवढंच त्यांचं राज्य. पण त्या गच्चीवर पहिल्यांदा आलेला माणूस तोंडात बोट घालायचा. तेलाचे डबे, फुटक्या बादल्या, मशिनचं जुनं खोकं, जिथे म्हणून माती राहील तिथे काहीतरी हिरवं उभं असायचं.

त्यांचा चौघांचा गट होता. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, चहा प्यायचा आणि आपापल्याकडची रोपं एकमेकांना द्यायची. बेकरीवाले पावाच्या ट्रेमधून रोपं आणत. कंपाउंडर जन्मभर औषधांच्या दुकानात उभा राहिलेला माणूस, तो मिरचीचं रोप देतानाही "दोन वेळा, जेवणानंतर" असं गंभीर चेहऱ्याने सांगे आणि तोच विनोद दर महिन्याला खपून जाई. चौथ्या सिस्टर, हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या. रोप हातात घेतलं की त्या आधी त्याची नाडी बघतात, असं बेकरीवाले म्हणत.

गटाचा नियम एकच, तोही टेलरबाईंनी घालून दिलेला. रोपाबरोबर आपल्या कुंडीतली मूठभर माती द्यायची आणि घेणाऱ्याने ती आपल्या मातीत मिसळायची, म्हणजे रोप रुसत नाही. "लेकीला कुणी रिकाम्या हाताने पाठवतं का?" असं बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. तेव्हापासून त्या मातीला नावच पडलं, माहेरची मूठ. त्यातही टेलरबाईंच्या मुठीवर सगळ्यांचा डोळा. काळीभोर, भुसभुशीत माती. रोप नको असलं तरी लोक माती मागून नेत. बाईंना तिचा गर्व होता आणि तो त्या लपवतही नसत.

मग बेकरीवाल्यांचे टोमॅटो माना टाकायला लागले. दुपारी गळून जायचे, संध्याकाळी पुन्हा उभे राहायचे, आणि एके दिवशी उठलेच नाहीत. टेलरबाईंनी चारचौघांत त्यांची हजेरी घेतली. "भट्टीच्या भिंतीला कुंड्या लावता, वर पाणी घालायला विसरता. पाव भाजा ना, टोमॅटो कशाला भाजताय?" बेकरीवाले ओशाळून हसले. पुढच्या महिन्यात कंपाउंडरच्या मिरच्या पिवळ्या पडून गेल्या. खताचा डोस जास्त झाला असणार, हात सवयीचा आहे, असा निकाल बाईंनी दिला. तेव्हाही सगळे हसले. कंपाउंडर जरा कमी हसला.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी टेलरबाईंनी वांग्याची जुनी कुंडी मोकळी करायला घेतली. झाडाला काही झालं नव्हतं, म्हातारं झालं होतं इतकंच. त्यांनी ते उपटलं, माती झटकली आणि त्यांचा हात तसाच राहिला. मुळांवर जागोजागी गाठी होत्या. काही मोहरीएवढ्या, काही मटाराएवढ्या, एकीला लागून दुसरी. बाईंनी शेजारचा टोमॅटो उपटला. त्याच्याही मुळांचं तेच. तिसऱ्या कुंडीला हात लावायचं धाडस त्यांना झालं नाही.

गाठी कशाने येतात हे त्यांना ठाऊक होतं. नर्सरीतल्या माणसाने कधीतरी सांगितलं होतं. मातीत डोळ्यांना न दिसणारे किडे होतात आणि मुळांत घर करतात. खाऊनपिऊन धष्टपुष्ट असलेलं झाड त्यांना अंगावर घेऊनही तग धरतं, म्हणून बाईंची गच्ची हिरवीगार होती. हयगय झाली की झाड बसतं. किडे चालत फार लांब जात नाहीत, त्यांना कुणीतरी न्यावं लागतं. बाईंनी आपल्या मातीने भरलेल्या तळहाताकडे पाहिलं. मूठमूठ करून त्यांनीच घरोघर पोचवले होते.

आणि त्याच दुपारी सिस्टरच्या अनंताची कुंडी बदलायची होती.

सिस्टर आणि त्यांची धाकटी बहीण आयुष्यभर एकाच घरात राहिल्या. धाकटी गेली तेव्हा मागे उरलं ते तिने लावलेलं हे झाड आणि दारामागे टांगलेला तिचा रेनकोट. रेनकोटला सिस्टर हात लावत नसत. झाडाशी मात्र बोलत, भाजी महागली इथपासून गुडघा दुखतोय इथपर्यंत सगळं त्याला सांगत. धाकटीची माती म्हणून त्यात त्यांनी आजवर कुणाची मूठ मिसळू दिली नव्हती. पण मुळं आता कुंडीबाहेर यायला लागली होती. मोठ्या कुंडीत तुम्हा सगळ्यांची माती घालू, तिला आवडलं असतं, असं सिस्टर गेल्या भेटीत म्हणाल्या होत्या.

 पण टेलरबाई हिकमती होत्या. नर्सरीतून तयार मातीची पिशवी आणली आणि आपल्या नेहमीच्या कापडी थैलीत ओतली. आपली माती न्यायचीच नाही, म्हणजे प्रश्न मिटला. गाजावाजा कशाला? बेकरीवाल्यांना जे काही बोललो ते आता गिळायचं, कंपाउंडरपुढे मान खाली घालायची, आणि मग पुन्हा कोण आपल्याकडून पान तरी घेईल? नवरा गेल्यापासून बाईंना रविवारची वाट बघायला एवढीच माणसं होती. ती गमावायची त्यांना मनापासून भीती वाटत होती.

सिस्टरच्या बाल्कनीत मोठी कुंडी मधोमध मांडली होती. अनंत मुळांसकट बाहेर काढून ओल्या पोत्यावर निजवला होता. बाईंनी वाकून मुळं पाहिली. पांढरी, सरळ, स्वच्छ मुळं. त्यांच्या जिवात जीव आला.

सिस्टरनी झाड कुंडीत उभं धरलं. बेकरीवाल्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली.

"यात मागच्या वर्षीची तुमचीच मूठ मिसळलीय बरं का," ते टेलरबाईंकडे बघून म्हणाले. "म्हणजे ही डबल माहेरची."

सकाळपासून बाईंनी सगळा विचार केला होता आणि नेमका हा केला नव्हता. त्यांची माती त्यांनी आणायची गरजच नव्हती. ती इथे आधीच येऊन पोचली होती.

"थांबा," त्या म्हणाल्या.

तिघेही त्यांच्याकडे बघू लागले. बेकरीवाल्यांचा हात कुंडीवर तसाच थांबला होता. सिस्टरनी खोड दोन बोटांत हलकेच धरलं होतं, पेशंटचं मनगट धरावं तसं.  टेलरबाईंना फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

"एकदम ओतू नका," त्या म्हणाल्या. "कडेकडेने घाला."

बेकरीवाल्यांनी कडेकडेने घातली. मग कंपाउंडरने आपली घातली, "एकच डोस" म्हणून. सगळे हसले आणि टेलरबाईही हसल्या.

शेवटी त्यांची थैली आली. सिस्टरनी मूठ घेऊन बोटांत चुरली.

"आज माती वेगळी लागतेय गं."

"चाळून आणलीय."

"मग बरोबर," सिस्टर म्हणाल्या आणि विश्वासाने थैली रिकामी केली.

निघताना सिस्टरनी टेलरबाईंना मागे थांबवलं. आतून एक छोटी कुंडी आणली. त्यात वीतभर फांदी होती, दोन कोवळी पानं फुटलेली. "कितीदा लावल्या, एवढी एकच जगली. ही तू ने. माझ्या झाडाला काही झालंच तर ही असेल. तुझ्याकडे काही मरत नाही." आणि नियम तो नियम, म्हणून मोठ्या कुंडीतली मूठभर माती त्यांनी कागदात बांधून दिली.

ती पुडी बाईंनी कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकली. फांदी त्यांनी गच्चीवर नेलीच नाही. खाली दुकानात, मशिनसमोरच्या खिडकीत ठेवली, आणि तिला पाणी घालायच्या आधी त्या साबणाने हात धुऊ लागल्या. गच्चीवरच्या कुंड्या टाकून द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. पण अचानक रिकाम्या झालेल्या गच्चीचं कारण काय सांगणार? त्या तशाच राहिल्या, हिरव्यागार. खिडकीतली फांदी मात्र जोमाने वाढली. पुढे तिला एक कळीही आली. बाई पॅन्टला चेन लावता लावता तिच्याकडे बघत आणि त्यांना वाटे, वेळ आलीच तर हे झाड सिस्टरच्या हातात देऊ, आणि तेव्हा सगळं सांगून टाकू.

मग एका दुपारी फोन वाजला.

"अगं, अनंत मान टाकतोय," सिस्टर म्हणाल्या. "दुपारी अगदी मलूल होतो. संध्याकाळी उठतो पुन्हा. काय झालं असेल?"

टेलरबाईंचा पाय मशिनवरून निघाला. "ऊन असेल," त्या म्हणाल्या.

"ऊन का?" सिस्टरचा आवाज बारीक झाला होता. "मी रात्रभर विचार करतेय. कुंडी बदलताना माझ्याच हातून मूळ दुखावलं असणार. तिने इतकी वर्षं सांभाळलं आणि मी एका दिवसात घालवलं. तुझ्याकडची कशी आहे गं?"

कळी उमलायला आली होती. पांढरी कड नुकती दिसू लागली होती.

"तीही जरा सुकल्यासारखीच आहे," टेलरबाई म्हणाल्या.

पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू आला. "म्हणजे ऊनच. बरं वाटलं बघ. मला वाटलं, माझंच चुकलं. आता रविवारची पाळी तुझ्याकडेच आहे ना? तेव्हा येऊन बघते तिला."

"ये ना," टेलरबाई म्हणाल्या.

त्यांनी फोन ठेवला. मग त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, खुरपं घेतलं, आणि ती छोटी कुंडी छातीशी धरून गच्चीचा जिना चढू लागल्या.