वाळ्याची ताटी आणि छागलभर पाणी

मित्रांनो, कळसाडीच्या खळ्यात बाभळीखाली उभी असलेली ही पत्र्याची म्हातारी तुम्ही रोज पाहता. माझ्या टपावर उड्या मारता, माझा भोंगा दाबून पाहता. त्याचा मला राग नाही. पण चैत्र सरला, ऊन तापू लागले की मी आतून घाबरते. का घाबरते, ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या कारखान्यात, लढाईच्या धामधुमीत झाला. लढाई संपल्यावर लष्कराने मला लिलावात काढले आणि हात बदलत बदलत एक्कावन्न साली मी हिंमतराव पाटलांच्या दारात आले. पुढे बसायला केबिन, मागे माल भरायला उघडा हौदा. कापूस, केळी, नंदुरबारच्या बाजाराची लाल मिरची, सगळे मी वाहिले. उखा माझा ड्रायव्हर. तो माणसांशी कमी आणि माझ्याशी जास्त बोलत असे.

हिंमतरावांना ऊन अजिबात सोसत नसे.

"हाई गाडी शे का भट्टी शे? कायतरी कर रे उखा," ते एके दिवशी करवादले.

"करस आप्पा," म्हणून उखा कामाला लागला.

केबिनमध्ये वारा आणणारी एक नळी मला होती. तिचे तोंड पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या शेजारीच. उखाने आधी आतली झडप हलवून पाहिली. ती ठीक होती. मग त्याने नळीत तार घातली, तेव्हा वर्षानुवर्षांचे मिरचीचे बी, फोलपटे आणि उंदराचे एक अख्खे घरटे बाहेर आले. अर्धा तास सगळे खळे शिंकत होते. आप्पांच्या डोळ्यांना तर धारा लागल्या. वारा मोकळा झाला खरा, पण आला तो गरमच. शेवटी उखाने माझ्या पुढच्या जाळीवर वाळ्याची ताटी घट्ट बांधली आणि वर भोक पाडलेला डबा टांगला. थेंब थेंब पाणी ताटीवर पडू लागले आणि आत गार, सुगंधी झुळूक आली.

मग काय विचारता! 'थंडी गाडी' म्हणून माझे नाव पंचक्रोशीत झाले. काम असो नसो, आप्पा पाहुण्यांना आत बसवून आणत. मीही फुशारले. फक्त माझा उष्णतेचा काटा थोडा वर चढू लागला होता. सपाटीवरच्या लहान फेऱ्यांत तो कोणाला दिसला नाही. मला दिसत होता, पण मला वाचा कुठे होती?

एकसष्ट सालच्या मे महिन्यात उखा मीठ आणि रॉकेल घेऊन धडगावला गेला. माल उतरवतो न उतरवतो तोच सुकराम पावरा धावत आला. त्याची बायको मोगराबाई उन्हात लाकडे आणताना कोसळली होती. अंग तव्यासारखे तापलेले, शुद्ध नाही. दवाखान्यातले डॉक्टर दौऱ्यावर गेले होते. कंपाउंडर म्हणाला, "शहाद्याला न्या, आणि वाटेत अंग गार ठेवा. तापू दिलंत तर ती वाचणार नाही."

थंडी गाडी दारात उभी होतीच. मोगराबाईचे डोके मांडीवर घेऊन तिची सासू नानीबाई केबिनमध्ये बसली. सुकराम मागे चढला.

पहिल्याच मोठ्या चढावर माझा काटा शेवटाला टेकला. पोटात पाणी उकळू लागले. मी थांबले. उखाने डब्यांतले सगळे पाणी मला पाजले आणि पुढे काढले. दुसऱ्या चढाच्या मध्यावर मी पुन्हा वाफा ओकत उभी राहिले. एका बाजूला दरी, वर भर दुपारचे ऊन. सुकराम खाली नाल्याकडे पळाला आणि हात हलवत परत आला. नाल्यात कोरडी वाळू होती.

उखाने पंख्याचा पट्टा दाबून पाहिला, नळ्या चाचपल्या. "पानी व्हतं, पट्टा शे, पंखा फिरस. मंग काबर तापी ऱ्हायनी तू?" तो मलाच विचारू लागला. ताटीकडे त्याचे लक्ष गेले नाही. ती त्यानेच बांधली होती ना!

आरशाला टांगलेली एक छागल, पाण्याची कॅनव्हासची पिशवी, तेवढी उरली होती. उखाने तिला हात घातला. सुकरामने ती छातीशी धरली.

"हाई पानी मन्ही बायकोनं शे."

"गाडी बंद पडनी ते ती बी मरी जाई, सुकराम! दे आठे!"

दोघे झोंबू लागले. आत मोगराबाईचा श्वास तुटत होता. नानीबाईने सुनेचे डोके हळूच बाकावर ठेवले आणि ती खाली उतरली. तिची बोली पावरी, पण उखाला कळावे म्हणून ती बाजारातल्या अहिराणीत बोलली.

"बैलना तोंडले मुसकं बांधीसन घाट चढाडस का रे भाऊ? ती श्वास कशी लेई?"

कोळपताना बैलाने पीक खाऊ नये म्हणून बांधतात ते मुसके. चढाला लागण्याआधी ते सोडायचे असते, हे त्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिने विळ्याने दोऱ्या कापल्या आणि ताटी ओढून काढली. भपकन वारा माझ्या रेडिएटरला लागला. मित्रांनो, त्या क्षणी मी किती दिवसांनी पोटभर श्वास घेतला!

तीच ताटी नानीबाईने मोगराबाईच्या अंगावर पांघरली आणि छागलीतले पाणी तिच्यावर शिंपडत राहिली. मला एक थेंबही मिळाला नाही. मी गार होईपर्यंत उखा तोंड फिरवून उभा होता. मग अर्ध्या पाण्यावर, जीव मुठीत धरून, आम्ही तो चढ चढलो आणि शहादा गाठले. माझ्या इंजिनाला तडा गेला, तो पुन्हा नीट सांधला नाही. मोगराबाई तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी गेली.

मुलांनो, बैल असो, पंप असो की माझ्यासारखी गाडी, ती तापली तर आधी तिच्या तोंडावर तुम्हीच काही बांधलेले नाही ना, ते पाहा. आम्हाला ओरडता येत नाही. आणि भीतीने आम्हीही वाईट होतो. उखा छागल ओढत होता, सुकराम रडत होता, आणि मी मनात म्हणत होते, ओढ उखा, ओढ. ते पाणी मला दे.