तारेत ओवलेलं ड्रॉइंग

गिअर तुटल्यामुळे नेरच्या एका जिनिंगचं यंत्र दोन दिवस बंद होतं. कापसाचा भाव आधीच पडलेला, त्यात फाटकाबाहेर गाड्यांची रांग. नवा गिअर बनवायचं ड्रॉइंग यंत्राच्या कंपनीने ईमेलने पाठवलं होतं आणि नेमकं तेच गिअर बनवून देणाऱ्या नासिर मिस्त्रीच्या कॉम्प्युटरवर दिसेना.

नासिरचे हात कायम ग्रीसने माखलेले, म्हणून त्याचे मेल त्याची आई खातूनबीच उघडायची. ती साठीत अक्षरं शिकली होती आणि आलेलं एकही पत्र वाचल्याशिवाय सोडत नसे.

"अम्मी, ड्रॉइंग पुसलं ना तू?"

"मी कायले पुसू? वाचलं अन् तारेत ओवलं."

"कॉम्प्युटरमंधी तार कुठून आली वं?"

खातूनबीने 'आर्काइव्ह'च्या बटणावर बोट ठेवलं. घरात वाचलेलं पत्र खिळ्याला टांगलेल्या तारेतच जायचं. हे बटण दाबलं की पत्र समोरून हलतं, एवढं तिने हेरून ठेवलं होतं.

नासिरने डावीकडच्या यादीतलं आर्काइव्ह उघडलं. चालू वर्षाच्या कप्प्यातून तीनशे मेल निघाले, लॉटरी लागल्याचेसुद्धा.

"हे बी जपून ठेवलं?"

"त्यायनं एवढ्या मायेनं लिहिलं, मंग?"

त्यांच्यातच ड्रॉइंग सापडलं. नासिरने ते माउसने ओढून इनबॉक्समध्ये आणलं, छापलं आणि कागद घेऊन लेथकडे पळाला.

"जिनिंगच्या शेठले सांगजो," खातूनबी मागून ओरडली, "दोन दिवस मायले इचारलं नाही म्हणून गेले!"